जाताना येणारी माणसं

माझ्याकडे माणसं जाताना यायची. येताना कोणी यायचं नाही.

विद्यापीठ सोडणाऱ्या प्रत्येकाला एक कागद घेऊन दारोदार फिरावं लागतं. प्रयोगशाळा, वसतिगृह, क्रीडा विभाग आणि शेवटी ग्रंथालय. या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही, अशी प्रत्येकाने सही करायची. या कागदाला सगळे ‘नो ड्यूज’ म्हणतात. तो पुरा झाल्याशिवाय विद्यार्थ्याला टीसी मिळत नाही आणि निवृत्त होणाऱ्याची फाईल हलत नाही. त्यामुळे ज्याने दोन वर्षांत माझं दार पाहिलं नाही, तोही एक दिवस माझ्यासमोर पेन पुढे करून उभा राहायचा. “सर, इथं एक सही.”

हिंगोलीजवळच्या एका विद्यापीठ उपकेंद्रात मी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा ग्रंथपाल होतो. संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा म्हणाले, जरा गोड लिहा, दिवाळी आहे. मी म्हटलं, लांबी तुम्ही ठरवा, चव मी ठरवतो. तेवढ्यावर सौदा झाला म्हणून हा लेख तुमच्या हातात आहे.

सौदा माझ्या अंगातच आहे. वडील आठवडी बाजारात दोरखंड, वेसणी आणि घुंगरमाळा विकायचे. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांच्याशेजारी बसून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, गिऱ्हाईक ज्या वस्तूकडे बघायचं टाळतं, तीच त्याला हवी असते. आणि दुसरी म्हणजे, उठून निघालेला माणूस खरंच जाणार आहे की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळत नाही, पायांवरून कळतं. पुढे बाजार करत करतच शिकलो. ग्रंथालयशास्त्राची पदवी बाहेरून घेतली. मला कोणी चिकटवलं नाही, माझ्यासाठी कोणी फोन केला नाही. म्हणून माझ्याकडचं कोणी काही काढून घेतलं की ते मला इतरांपेक्षा जास्त लागतं. रागीट आहे असं लोक म्हणतात. असेन.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा आणि परत घेणारा, असं बहुतेकांना वाटतं. माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, जावई पुस्तकांच्या गोडाऊनवर आहेत. विज्ञानाच्या ग्रंथालयाची गोष्ट जरा वेगळी असते. कादंबरी जुनी झाली तरी वाचता येते, पण संगणकाचं पुस्तक कपाटात उभ्या उभ्या मरतं. गणिताचं मरत नाही. कोणतं पुस्तक मेलं आहे आणि कोणतं नुसतं झोपलं आहे, हे ओळखणं ही आमची विद्या. शिवाय नवं संशोधन आधी पुस्तकात येतच नाही, ते नियतकालिकांत येतं. वर्षभराचे सुटे अंक गोळा करायचे, राहिलेल्या अंकासाठी भांडायचं, मग नांदेडच्या बाइंडरकडून ते एकत्र बांधून घ्यायचे. लाल रेक्झिनचं कव्हर, पाठीवर सोनेरी अक्षरं. असे खंड आमच्या मागच्या खोलीत छतापर्यंत लावलेले होते. त्या खोलीच्या खिडकीतून हळदीचं शिवार दिसायचं, आणि हळद शिजवायच्या दिवसांत तो वास खंडांच्या पानांत जाऊन बसायचा. डांबरगोळ्या आणि हळद, असा वास असलेली दुसरी खोली मला माहीत नाही.

ती खोली माझ्याकडून गेली. कशी गेली, तेच सांगतो आहे.

पुढे छापील अंक बंद होऊन सगळं संगणकावर यायला लागलं, तेव्हा प्रकाशकांचा एक माणूस पुण्याहून आला. टाय लावलेला, तोंडाने गोड. म्हणाला, “सर, तुमच्यासाठी स्पेशल रेट.” मी रेटचा विषयच काढला नाही. त्याला पानटपरीवरचा चहा पाजला, घरची चौकशी केली, आणि मग विचारलं, “आम्ही उद्या वर्गणी बंद केली, तर आजवर घेतलेल्या वर्षांचं काय?”

“ते बंद होतं सर.”

“म्हणजे आम्ही विकत घेत नाही. भाड्याने राहतो.”

“सगळीकडे असंच असतं सर. असं कोणी विचारत नाही.”

“मी विचारतोय. जी वर्षं घेतली ती कायमची उघडी राहिली पाहिजेत. लेखी.”

तो हसला. मी उठलो, छत्री घेतली आणि बाहेर पडलो. हळदीच्या बांधापर्यंत गेलो. माझे पाय बघणारा कोणी नव्हता तिथं, पण तो पाठोपाठ आला. “सर, सर, मी वरती बोलतो.” लेखी मिळालं. सवलत काहीच मिळाली नाही म्हणून वित्त विभागाने मला बैठकीत झाडलं. मी काय मिळवलं ते त्यांना समजलं नाही आणि मी समजावलंही नाही. आजही ती वर्षं उघडतात.

एवढं करून वाचक कुठे होते? आमच्या पुढच्या मोठ्या हॉलमध्ये सकाळपासून गर्दी असायची. पोलीस भरती, तलाठी, बँका, राज्यसेवा. पोरं आपापली गाईडं घेऊन यायची, आपापल्या बाटल्या घेऊन बसायची. त्यांना माझ्याकडून फक्त खुर्ची आणि पंखा हवा असायचा. “सर, पंखा वाढवा ना जरा.” दिवसभरात माझ्याशी बोललं गेलेलं हे एकमेव वाक्य, असे कितीतरी दिवस गेले. दारावरच्या रजिस्टरात सह्यांनी पानं भरायची, त्यामुळे आमच्या ग्रंथालयाला वाचकसंख्येबद्दल शाबासकी मिळाली. मागच्या खोलीत मात्र मी एकटा. मी खंडांवरची धूळ झटकायचो आणि पंख्याचा आवाज ऐकायचो. कधी कधी एखाद्या खंडाचं नाव मोठ्याने वाचायचो, आपला आवाज आहे का बघायला.

मग एक दिवस उपकेंद्राचे संचालक आले. खोलीत उभे राहिले, पण खंडांकडे पाहिलंच नाही. खिडकीबाहेर बघत होते.

“इथं किती लोक येतात?”

“लोक येत राहायची ही खोली नाही साहेब. गरज पडली की यायची खोली आहे.”

“मग गरज कितीजणांना पडते?”

मी हातातल्या खंडावरची धूळ पुसली. ते म्हणाले, “पुढे पोरांना बसायला जागा नाही. पालक मला विचारतात. इथं चांगल्या ऐंशी खुर्च्या बसतील.”

माझं डोकं सटकलं. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पण बाजारातला माणूस चिडला तरी हिशेब विसरत नाही. मी म्हटलं, “उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. या खंडांना वाचक आहेत हे दाखवतो. दाखवले तर खोली राहील. न्हाई तर टाका खुर्च्या.”

“दाखवा,” ते म्हणाले. अजूनही खिडकीबाहेरच बघत होते. गिऱ्हाईक वस्तूकडे बघत नव्हतं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

वाचक आणायचे कुठून? मग ध्यानात आलं की वर्षातून एकदा सगळे आपल्या पायांनी माझ्याकडे येतातच. नो ड्यूजला.

पहिला आला तो पुसेगावचा एक पोरगा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेला. पेन पुढे.

“सर, मी पुस्तकच नेलं न्हाई कधी. मग अडचण काय?”

“तीच अडचण आहे. दोन वर्षं काहीच नेलं न्हाई, तर मी सही कशाची करू?”

“मग काय करू सर?”

“एक प्रश्न विचार. तुझ्या विषयातला. तुला खरंच पडलेला. उत्तर मी त्या खोलीतून काढून देतो. मग सही.”

“सर, परीक्षा संपली ना आता!”

“परीक्षा माझी आहे. तुझी न्हाई.”

तो उभाच राहिला. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं. ज्याला कोणी कधी विचारायला सांगितलं नाही, त्याला एक प्रश्न काढायला किती जड जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हळदीचा डाग साबण लावला की लाल काहून होतो? बहिणीच्या लग्नात माझा पांढरा सदरा गेला सर.”

“अरे, केमिस्ट्री शिकलास ना तू?”

“व्हय सर. पण सदऱ्यावर कोण शिकवतं?”

मी त्याला मागच्या खोलीत नेलं. दोन खंड काढले. आधी त्याने उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढली. दुपार होईपर्यंत बसला आणि हसत निघून गेला. सही राहिलीच. जिन्यातून हाक मारून परत बोलवावं लागलं.

त्या हंगामात माझ्या खोलीत माणसं आली. बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरं पुट काहून चढतं, सोयाबीनच्या मुळांना गाठी कशाच्या, पाऊस आला की मोबाइलची रेंज कुठे जाते. काहीजण मित्राचाच प्रश्न घेऊन यायचे, त्यांना परत पाठवायचो. एकजण म्हणाला, “सर, गुगलवर भेटतं की.” मी म्हटलं, “मग सही पण गुगलकडून घे.” खोलीतल्या रजिस्टरात नावं चढायला लागली. मी रोज सकाळी दाढी करून जायला लागलो. बायकोने विचारलं, कोणी पाहुणे येणार आहेत का?

आणि मग सविता राठोड आली. औंढ्याकडच्या एका तांड्यावरची, भौतिकशास्त्राची. वडील बाहेर कडुलिंबाखाली पिशवी धरून उभे होते. मी माझं नेहमीचं वाक्य बोललो. एक प्रश्न, मग सही. तिने कागद टेबलावर ठेवला.

“सर, मी दोन वर्षं रोज येते इथं. खिडकीजवळची खुर्ची माझी. तुमी मला वळखता का?”

खिडकीजवळ कोणीतरी बसायचं, एवढं मला आठवलं.

“पंखा वाढवायला सांगणारी?” मी म्हटलं.

“पंखा मी कधीच न्हाई सांगितला. ती दुसरी. तुमी मला एकदा पण विचारलं न्हाई, बाई तू काय शिकतेस म्हणून. आता जायच्या दिवशी मीच तुमाला विचारायचं?”

“विचारणं हे माझं काम आहे का?”

“मग माझं काहून आहे?”

मी तिच्यावर ओरडलो. ती हलली नाही. तिचे पाय पाहिले, ती जाणार नव्हती. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, “प्रश्न हाय माझ्याकडे. लहानपणापासून हाय. आमच्या तांड्यावर जमिनीतून आवाज येतो. गुड्डूम करून. भांडी वाजतात, लोक घराबाहेर येऊन बसतात. माझी याडी, आई माझी, म्हणते, भुईला भूक लागली. फिजिक्स घेतलं ते त्याच्यासाठीच घेतलं. पण सिलॅबसमध्ये ते आलंच न्हाई.”

आमच्या भागातल्या वाचकांना हा आवाज सांगायला नको. माझं गाव शिरड शहापूर, मीही तो लहानपणी ऐकलेला आहे. पण तो प्रश्न आहे, शोधता येण्यासारखा प्रश्न आहे, हे मला विज्ञानाच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काढून कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी तिची सही झाली नाही, कारण उत्तर सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या दिवशीही. भूगर्भाचे खंड आम्ही एकेक करून खाली काढले. ती जमिनीवर बसून वाचायची, मी सूची बघून पुढचा खंड द्यायचो. आमच्याकडचा काळा पाषाण, त्याच्या भेगा, पावसाचं पाणी त्या भेगांत उतरणं, त्याच्या दाबाने खडक थोडासा सरकणं. दुसऱ्या मुलखांतल्या अशाच आवाजांवर लिहिलेले लेख सापडले. आमच्या आवाजाबद्दल ठाम असं कोणी म्हटलेलं नव्हतं. ती म्हणाली, “म्हणजे अजून कोणालाच पक्कं म्हाईत न्हाई?” असा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. तिच्या कामाचे खंड मी एका लोखंडी कपाटात वेगळे लावले आणि किल्ली खिशात ठेवली, म्हणजे दुसरं कोणी हलवू नये. मग सही केली. वडिलांनी बाहेरूनच हात जोडले. ती पुढे शिकायला हैदराबादला गेली, असं नंतर कळलं.

त्याच सुमारास एक प्राध्यापक निवृत्त होत होते. नाव घेत नाही. तेही नो ड्यूज घेऊन आले. मी म्हटलं, “सर, नियम सगळ्यांना सारखा. एक प्रश्न.” ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “मला काही विचारायचं नाही. मला घरी जायचंय.” मी सही केली, पण अडवून धरून, वेळ घेऊन केली, आणि ते वाक्य चहाच्या टपरीवर चारचौघांना ऐकवून हसलो. त्यांनी संचालकांकडे तक्रार दिली. ग्रंथपाल सहीसाठी अडवणूक करतात.

संचालकांनी मला बोलावलं नाही. काही दिवसांनी निवडणुकीच्या कामाचा आदेश आला, त्यात माझं नाव होतं. मी प्रशिक्षण केलं, पेट्या सांभाळल्या, दूरच्या एका केंद्रावर ड्युटी केली आणि परत आलो. मागच्या खोलीचं दार उघडलं तर आत निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीला नवा रंग. खंड टेम्पोत भरून नेले होते. कोपऱ्यात फक्त ते लोखंडी कपाट होतं, कारण किल्ली माझ्या खिशात होती.

मी संचालकांच्या केबिनमध्ये शिरलो.

“वाचक दाखवले होते मी. रजिस्टर बघा.”

“ते वाचक नव्हते. सहीसाठी अडकलेली पोरं होती.”

“खंड कुठे आहेत?”

“मध्यवर्ती भांडारात हलवलेत. बाद केलेले नाहीत. तुम्ही शांत व्हा.”

मी शांत झालो नाही. मध्यवर्ती भांडाराला पत्रं लिहिली, स्वतः जाऊन आलो. ते म्हणाले, आमच्याकडे काही आलं नाही. टेम्पो कोणाचा होता, ते कोणी सांगत नाही. बाद केले असते तर माझी सही लागली असती, म्हणून ते बाद केलेच नाहीत. कागदावर ते खंड आजही माझ्या ग्रंथालयात आहेत. मला सौद्यात कोणी असं फसवलं नव्हतं. हे मी अजून विसरलेलो नाही आणि दिवाळीनिमित्तही विसरणार नाही.

त्यानंतरची वर्षं मी त्याच खोलीच्या दाराशी टेबल टाकून काढली. आत ऐंशी डोकी खाली वाकलेली. कोपऱ्यात एक कपाट. नो ड्यूजला येणाऱ्यांना प्रश्न विचारायला सांगायचं मी सोडलं नाही, पण आता उत्तर संगणकावर शोधून द्यायचो, त्या माझ्या कायमच्या उघड्या वर्षांतून. विभागात कंत्राटी म्हणून लागलेली शाहीन माझ्या शेजारी बसायची. हिंगोलीचीच, दोन लेकरांची आई. ती बोलायची कमी, बघायची जास्त. कधी म्हणायची, “सर, कायको इतना गुस्सा? बीपी वाढतं.”

मग माझ्याही निवृत्तीचा दिवस आला. शाल, नारळ, भाषणं. संचालकांनी मला ‘ग्रंथालयाचा आत्मा’ म्हटलं. मी नारळ टेबलावरच ठेवून आलो. पुढच्या आठवड्यात माझा नो ड्यूज घेऊन मी दारोदार फिरलो. सगळ्यांनी वर न बघता सही केली. शेवटी ग्रंथालय. माझ्या खुर्चीवर शाहीन होती, तात्पुरता चार्ज तिच्याकडे दिला होता. मी कागद पुढे केला, पेनही पुढे केलं.

“बसा सर,” ती म्हणाली. “आधी एक प्रश्न.”

मला वाटलं चेष्टा करते आहे. ती हसत नव्हती.

“नियम सगळ्यांना सारखा. तुमीच म्हणता.”

“बरं,” मी म्हटलं. “माझे खंड कुठे गेले?”

तिने पेन खाली ठेवलं. “सर, हा विषयातला प्रश्न न्हाई. सायन्स-टेक्नॉलॉजीतला विचारा. तुमाला खरंच पडलेला.”

मी उभा राहिलो. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं. जन्मभर या कपाटांत वावरलो, कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगितलं. माझा स्वतःचा एकही प्रश्न निघेना. जे निघत होते ते सगळे भांडणाचे होते. आत पोरं वाचत होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. ती काय शिकते, मला माहीत नव्हतं.

“उद्या विचारतो,” मी म्हटलं.

“या उद्या,” शाहीन म्हणाली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. माझी फाईल त्या एका सहीवाचून अडलेली आहे. बायको रोज विचारते, एवढं काय अवघड आहे, एक प्रश्न तर विचारायचाय, काहीही विचारा. तिचं बरोबर आहे. हळदीच्या डागाचं विचारलं तरी शाहीन सही करेल, तिला मी शिकवलं आहे तेवढं.

मी दर सोमवारी दाढी करून जातो. शाहीन म्हणते, “सुचला का सर?” मी म्हणतो, “न्हाई अजून.” मग ती कपाटाची किल्ली मागते. मी खिशातून काढून देतो, निघताना परत घेतो. भूगर्भाचा एखादा खंड घेऊन मी दाराशी बसतो, ती तिचं काम करते. गेल्या सोमवारी खिडकीजवळच्या मुलीला मी विचारलं, “बाई, तू काय शिकतेस?” ती दचकली. म्हणाली, “भरतीचं करून राहिले सर,” आणि पुन्हा वहीत तोंड घातलं. पुढचा प्रश्न मला सुचला नाही.

सविता राठोड पुन्हा आली नाही. तो पुसेगावचा पोरगा आला नाही. ज्यांच्या कागदावर मी सही केली, त्यांच्यापैकी एकही माणूस पुन्हा माझ्या दारात आलेला मला आठवत नाही. सही झाली की कोणी परत येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून मी सौदा लांबवतो आहे. प्रश्न खरंच सुचला आहे की नाही, ते मी शाहीनला सांगत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. पायांकडे बघायला मी तिला कधी शिकवलं नाही.